निवडणूक लढव, पण मेसची

प्रश्न बार्शीच्या एका मुलीचा आहे. ती लिहिते: "ताई, जूनमध्ये मी एमबीएसाठी महाराष्ट्राबाहेरच्या एका निवासी संस्थेत जातेय. आजवर घर सोडून कधी राहिलेली नाही, कॉलेजही गावातलंच. तिथे दोन वर्षं हॉस्टेल सक्तीचं आहे. ओळखीतले एक सीनियर म्हणाले, कमिट्यांच्या निवडणुका, लॉबिंग, गटबाजी फार चालते, तू त्या भानगडीत पडू नकोस, सीजीपीए म्हणजे गुणांची सरासरी सांभाळ. बाबा म्हणतात, राजकारण आपल्यासारख्यांचं काम नाही. आणि जो भेटेल तो सांगतो, बी-स्कूलमध्ये वर्गापेक्षा हॉस्टेलच जास्त शिकवतं. मी नेमकं काय करू?"

मी मिरजेची. 2000 ते 2002 ही दोन वर्षं अशाच एका संस्थेत होते. दोन बॅच मिळून आम्ही 240 जण, त्यांत मुली 38. पुढे वीसेक वर्षं वाळूज आणि चाकणच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात काम केलं. आता पुण्यात एमबीएच्या मुलांना औद्योगिक संबंध शिकवते आणि मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर म्हणूनही काम बघते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी शीर्षकातच देऊन टाकलंय. निवडणूक लढव, पण मेसची. असं का म्हणते ते सविस्तर सांगते.

सुरुवात खोलीपासून करू, कारण निवडणुकीच्या खूप आधी सगळं तिथे सुरू होतं.

माझी रूम पार्टनर कोट्टयमची होती. ती पहाटे चारपर्यंत जागून अभ्यास करायची. मी घरच्या सवयीने पाचला उठायचे. दोघींना एकाच वेळी झोप मिळायची ती रोज एक तास. मी तीन आठवडे गप्प राहिले. आपल्या घरांत मुलीला एकच शिकवलेलं असतं, जुळवून घे. मीही जुळवून घेत होते, निदान मला तसं वाटत होतं. एका सकाळी तिची ओली बादली माझ्या पुस्तकांजवळ दिसली आणि तीन आठवड्यांचं सगळं माझ्या तोंडून एकदम बाहेर पडलं. ती शांतपणे एवढंच म्हणाली, "तू मला एकदाही सांगितलं नाहीस." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की जुळवून घेणं वेगळं आणि गप्प बसून मनात हिशेब मांडत राहणं वेगळं. दुसऱ्याला आपली अडचण सांगायची संधीच न देता त्याच्यावर रागावणं हा अन्याय आहे. मग आम्ही बसलो आणि ठरवलं: बारानंतर ट्यूबलाइट बंद, टेबल लॅम्प भिंतीकडे वळवायचा, गजर एकदाच वाजेल, पैसे उसने घेतले तर त्याच आठवड्यात परत. तेव्हा आमच्याकडे मोबाइल नव्हते. रात्री अकरानंतर एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा दर उतरला की बूथपुढे रांग लागायची, आणि त्या रांगेत ती आणि मी दोघी रडलेल्या आहोत. अजूनही आमचं महिन्यातून एकदा बोलणं होतं.

हे बोलणं पहिल्याच आठवड्यात कर. झोपेची वेळ, दिवा, पाहुणे, फोनवर मोठ्याने बोलणं, पैसे. अवघडल्यासारखं होईल, तरी कर. पुढे कंपनीत दोन खात्यांचे प्रमुख एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून अडलेली कामं मी इतकी पाहिली आहेत की त्यातल्या प्रत्येक वेळी मला ती बादली आठवली.

आयआयएम अहमदाबादची वसतिगृहं लुई कान या वास्तुकाराने आखली. त्यात लांबच लांब बोळ त्याने मुद्दाम टाळले. खोल्या दहा-दहाच्या गटांत, मध्ये जिना आणि चहाची खोली. मुलं येता-जाता भेटावीत, बोलता बोलता शिकावीत, हा त्यामागचा विचार होता. 2020च्या डिसेंबरमध्ये तिथली 18 पैकी 14 वसतिगृहं पाडायचं ठरलं तेव्हा जगभरच्या वास्तुकारांबरोबर माजी विद्यार्थीही उभे राहिले, आणि 1 जानेवारी 2021ला संस्थेने तो निर्णय तेव्हापुरता तरी मागे घेतला. वास्तुकार विटांच्या कमानींसाठी लढले असतील. माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला वाटतं, त्यांना ती चहाची खोली सोडवत नव्हती. आपण घडलो ती जागा त्यांना नेमकी ठाऊक होती.

आता तुझ्या बाबांबद्दल. राजकारण आपल्यासारख्यांचं काम नाही, असं ते म्हणतात. त्यांना कोल्हापूर आणि साताऱ्याची आठवण करून दे. शाहू महाराजांनी 1901पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली आणि करवली. खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा शिकायला शहरात आला तर राहील कुठे आणि जेवेल काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय शिक्षणाचं बोलणं पोकळ आहे, हे त्यांना उमगलं होतं. 1924मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. 1927मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या तोंडी घास घातला. त्या काळी कोण कोणाशेजारी जेवायला बसतो, याहून मोठं राजकारण नव्हतं. आणि तुमच्या बार्शीत मामासाहेब जगदाळेंनी शिक्षणसंस्था कशी उभी केली, हे तुझ्या बाबांना माझ्याहून जास्त माहीत असेल. हॉस्टेल आणि राजकारण आपल्याकडे पूर्वीपासून एकाच चुलीवर शिजत आलंय. आपल्यासारख्यांचं काम नाही कसं? आपल्यासारख्यांनीच ते केलं.

बाबांची भीती मात्र निराधार नाही. आपल्या पिढ्यांनी कॉलेजच्या निवडणुका नीट पाहिलेल्याच नाहीत. पूर्वीच्या निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या, जीवही गेले. मग महाराष्ट्राच्या 1994च्या विद्यापीठ कायद्याने मतदानाऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा आली ती 2016च्या कायद्यात. दिल्ली, केरळमधली मुलं मात्र प्रचार, मतमोजणी, जाहीर वाद हे सगळं बघत मोठी झालेली असतात. त्यामुळे आपल्याकडची मुलं बाहेरच्या कॅम्पसवर पहिल्या काही महिन्यांत बुजतात. हुशारी कमी असते असं नाही, सवय नसते. देशभरच्या विद्यार्थी निवडणुकांसाठी माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने नियम सुचवले आणि 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केले: एका उमेदवाराचा खर्च 5,000 रुपयांच्या आत, 75 टक्के हजेरी, छापील पोस्टरांना बंदी. एकदा वाचून ठेव. विद्यार्थ्यांचं राजकारण म्हणजे काय होऊ द्यायचं नाही, हे त्यातून चांगलं कळतं.

बी-स्कूलची निवडणूक मात्र विद्यापीठापेक्षा वेगळी असते. तिथे पक्ष नसतात. मतदार दोन-चारशे, आणि सगळे एकमेकांना चेहऱ्याने, आवाजाने, कोणाला घोरायची सवय आहे इथपर्यंत ओळखतात. मतं फिरतात ती सेक्शनवर, मजल्यावर, भाषेवर, इंजिनीअरिंगच्या जुन्या कॉलेजवर. नोकरी करून आलेले एका बाजूला, थेट पदवीनंतर आलेले दुसऱ्या बाजूला. हे सगळं खरं आहे. पण या सगळ्यांवर मात करणारी एक गोष्ट असते आणि ती मला हरल्यावर कळली.

पहिल्या वर्षी मी वर्ग प्रतिनिधीसाठी उभी राहिले. साठ जणांच्या सेक्शनमध्ये अकरा मतांनी हरले. माझा हिशेब असा होता की मराठी मुलं आपलीच, मुली आपल्याच, उरलेल्यांपैकी थोडे मिळाले की झालं. जिंकलेली मुलगी लखनौची, खोली माझ्या समोरचीच. ती बी.कॉम. होती, मीही बी.कॉम. मध्य-सत्र परीक्षेआधी सेक्शनमधले इंजिनीअर ताळेबंद बघून घाबरले होते. ती सहा रात्री मेसमध्ये बसून त्यांना जमा-नावे शिकवत होती. मी त्या सहा रात्री माझा अभ्यास केला. अकाउंट्समध्ये मला तिच्यापेक्षा चार गुण जास्त पडले. तिने कोणाकडे मत मागितलं नाही, तशी गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनपाशी आम्ही शेजारी-शेजारी उभ्या होतो, तोंडात ब्रश. ऑफिसात ज्याच्याकडून हरलो त्याला टाळता येतं, बदली मागता येते, निदान संध्याकाळी घरी जाता येतं. इथे तीच मुलगी सकाळी बेसिनवर, दुपारी वर्गात, रात्री मेसच्या रांगेत पुढे उभी. चार दिवस मी मान खाली घालून वावरले. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, "टाइमटेबलचा गुंता सोडवायचाय, माझ्याबरोबर ऑफिसात येशील?" गेले. पुढचं वर्षभर आम्ही दोघींनी मिळून ते काम केलं. हरल्यावर त्याच माणसाबरोबर काम करता येणं, हे मला कुठल्याही वर्गात कोणी शिकवलं नाही. तिथे ते टाळताच येत नव्हतं म्हणून जमलं.

मराठी मुलांच्या गटाबद्दल एक सांगते. तुला तो लगेच सापडेल आणि घरची आठवण येईल तेव्हा आधारही वाटेल. त्याला धरून राहा, पण फक्त त्यातच राहू नकोस. आम्ही बारा जणांनी हॉस्टेलमध्ये गणपती बसवला. पहिल्यांदा ठरलं होतं की आपल्या-आपल्यातच करायचं. मग एकाने सुचवलं, वर्गणी सगळ्यांकडे मागू. खोल्याखोल्यांतून फिरलो तेव्हा प्रत्येक दारात समजावून सांगावं लागलं की दीड दिवस म्हणजे काय, आरती कोणती, विसर्जन बादलीत का. चेन्नईच्या एका मुलाने मृदंग काढला, तो येताना घेऊन आला होता हे आम्हाला माहीतच नव्हतं. आपली गोष्ट आपल्याला नव्याने समजायची असेल तर ती माहीत नसलेल्याला सांगून बघावी. आणि हो, त्या वर्गणीच्या पावत्या आम्ही फाडल्या होत्या आणि हिशेब नोटीस बोर्डावर लावला होता. पुढे तेच कामी आलं.

आता मेस.

दुसऱ्या वर्षी मी मेस सेक्रेटरीला उभी राहिले. आमची मेस महिन्याला 1,500 रुपये, म्हणजे दिवसाला 50. खाड्याचा नियम असा की सलग सात दिवस बाहेर असाल तरच पैसे परत. सगळे त्यावर चिडलेले. मी जाहीरनाम्यात लिहिलं: एका दिवसाच्या खाड्याचेही पूर्ण पैसे परत. मोठ्या फरकाने निवडून आले. कंत्राटदाराने फार खळखळ न करता मान्यही केलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पहिल्याच महिन्यात सुमारे 40 जणांनी दहा-दहा दिवसांचे खाडे लावले. 40 गुणिले 10 गुणिले 50, म्हणजे 20,000 रुपये परत. मुलं खूश. पुढच्या महिन्यात आमटीतून ताटाचा तळ दिसू लागला, पनीरचे तुकडे मोजता येऊ लागले, दही आंबट आणि पाणचट. मी पहाटे स्वयंपाकघरात भांडायला गेले. मुख्य आचारी माझ्या आजोबांच्या वयाचे. ते माझ्याशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी वही काढली. चौदा माणसांचे पगार, गॅस, भांडी, भाडं: जेवायला 240 असोत नाही तर 200, हा खर्च तेवढाच. 50 रुपयांतले जेमतेम 25 धान्य, भाजी, तेल, दुधाचे. म्हणजे 20,000 परत देताना त्यांचे वाचले 10,000, उरलेले 10,000 कुठून तरी यायला हवे होते. ते आमच्याच ताटातून आले. आणि त्या 25 रुपयांतलंही वाचायचं असेल तर डाळ भिजत घालायच्या आधी त्यांना आकडा कळायला हवा. आम्ही खाडा लावायचो सकाळी अकराला.

स्थिर खर्च आणि बदलता खर्च मी वर्गात शिकले होते. त्या विषयात मला उत्तम गुण होते. तरी जाहीरनामा लिहिताना ते आठवलं नाही, कारण मी मतांचा विचार करत होते.

मग सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगावं लागलं की माझं आश्वासन चुकीचं होतं. हुर्यो झाली. "मतं घेताना कळलं नाही का?" असं एकाने मागून विचारलं, आणि त्याचा प्रश्न बरोबर होता. मी आचाऱ्यांच्या वहीतले आकडे फळ्यावर लिहिले. माझा प्रस्ताव असा होता: खाडा दोन दिवस आधी रात्री आठपर्यंत वहीत लिहायचा, परत मिळतील रोजचे 25. तो पहिल्या सभेत पडला, दुसऱ्या सभेतही पडला. दरम्यान एका इंजिनीअर मुलाने आपणहून एक काम केलं. तो सात दिवस रोज रात्री उष्टं अन्न वजनकाट्यावर तोलायचा आणि ताटं ठेवायच्या जागेवर खडूने आकडा लिहायचा. पहिल्या रात्री 31 किलो होतं. सातव्या रात्रीपर्यंत आकडा बराच खाली आला, कोणी कोणाला काही बोललं नव्हतं तरी. तिसऱ्या सभेत प्रस्ताव मंजूर झाला, त्यात दुरुस्ती करून: उष्टं कमी झाल्याने जे पैसे वाचतील त्यातून रविवारची फीस्ट.

पुष्कळ वर्षांनी, 2009मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा मी त्यांचं काम वाचायला घेतलं. सामायिक कुरण, पाणी, मासे अशा गोष्टी वापरणारी माणसंच एकत्र बसून नियम करतात आणि स्वतः त्यांवर लक्ष ठेवतात तेव्हा त्या गोष्टी टिकू शकतात, हे त्यांनी गावोगावची उदाहरणं तपासून दाखवलं होतं. वाचताना मला तो खडूचा आकडा दिसत होता. मी वरून लादलेला नियम चालला नसता. तो त्यांनी स्वतः घासून-पुसून घेतला म्हणून चालला.

मेसमधलाच आणखी एक प्रसंग. मांसाहारी मुलांना आठवड्यातून दोनदा अंडी-चिकन हवं होतं, काही शाकाहारी आणि जैन मुलांचं म्हणणं की टेबलंसुद्धा वेगळी हवीत. दोन्हीकडे खरी भावना होती, कोणी आडमुठेपणा करत नव्हतं. मी माझ्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, पळी वेगळी ठेव, पंगत एकच ठेव. तसंच केलं. भांडी, पळ्या, काउंटर वेगळे, टेबलं सगळ्यांची. काहींना आवडलं नाही आणि शेवटपर्यंत आवडलं नाही. सगळ्यांना खूश करता येत नाही, पण नाराज माणसाला आपण कारण समोरासमोर सांगू शकतो का, हे बघावं लागतं.

चाकणला माझ्या पहिल्या मोठ्या जबाबदारीच्या वेळी युनियनशी बोलणी अडली होती. सगळे समजत होते की मुद्दा पगारवाढीचा. 1948च्या कारखाने कायद्यात 250हून जास्त कामगार असतील तिथे कँटीनची तरतूद होती, आणि कँटीनच्या समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असत. माझ्याआधीच्या अधिकाऱ्यांनी त्या समितीच्या बैठकांना सगळ्यात कनिष्ठ माणूस पाठवला होता. मी स्वतः गेले आणि रात्रपाळीला जेवायलाही बसले. चपात्या दुपारच्या होत्या, चामड्यासारख्या. कामगार म्हणाले, "मॅडम, पगाराचं बघू, आधी आम्हाला माणूस समजा." चपात्यांचं वेळापत्रक बदललं. पगाराची बोलणी लगेच सुटली असं नाही, ती आणखी चार महिने चालली, पण माणसं माझ्याशी खरं बोलू लागली. हे काम मी हॉस्टेलच्या मेसमध्येच शिकले होते. तिथे माझ्या हातात कोणाचा पगार नव्हता, बढती नव्हती, कोणी माझं ऐकावं असं काहीही नव्हतं. आणि मी केलेली चूक त्याच रात्री सगळ्यांच्या ताटात पडत होती, माझ्याही. बी-स्कूलमध्ये एवढ्या लवकर आणि एवढं खरं उत्तर देणारी दुसरी जागा नाही, म्हणून मेस म्हणते.

प्लेसमेंट कमिटीबद्दल माझं मत कडक आहे. ती सगळ्यात मानाची मानली जाते आणि लॉबिंगही तिथेच सगळ्यात जास्त. कोणत्या कंपनीला कोणत्या दिवशी बोलवायचं, एका मुलाने किती ऑफर हातात ठेवायच्या, हे ठरवणारी माणसं स्वतःही नोकरीच्याच रांगेत असतात. आमचं वर्ष वाईट होतं. डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटलेला, त्यात सप्टेंबर 2001मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला. दरवर्षी येणाऱ्या कंपन्यांनी पाठ फिरवली. एक ऑफर मिळाली की रांगेबाहेर, असा नियम होता. आमच्यातल्या सगळ्यांच्या लाडक्या मुलासाठी तो मध्येच सैल करायचा प्रस्ताव आला. सभेत मतदान झालं. तो माझा मित्र होता, मी बाजूने हात वर केला. प्रस्ताव मंजूर झाला. त्यामुळे ज्या मुलीची मुलाखतीची जागा गेली, ती मला पाच वर्षं बोलली नाही. त्या हात वर करण्याचं मला आजही वाईट वाटतं. ती जागा तिची होती आणि मला ते त्याच क्षणी माहीत होतं.

तेव्हा त्या कमिटीत गेलीस तर दोन गोष्टींसाठी अडून बस. नियम ऑगस्टमध्येच लिहून टाका, कंपन्यांची नावं कळायच्या आत, म्हणजे कोणाचा फायदा होणार हे कोणालाच ठाऊक नसतं. आणि ज्या सदस्याची स्वतःची कंपनी चर्चेला येईल, त्याने खोलीबाहेर जायचं. स्वतःला चांगली नोकरी लागावी म्हणून मात्र तिथे जाऊ नकोस.

मुलगी म्हणून एक गोष्ट ठाम सांगते. तुला न विचारता हॉस्पिटॅलिटी, निवेदन, पाहुण्यांचे पुष्पगुच्छ ही कामं दिली जातील. कौतुकानेच दिली जातील. एखाद्या वेळी कर, आवडत असेल तर कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. खजिनदार हो. पैशाची चौकट हातात आली की सगळं काम समजतं. दोन सह्यांशिवाय पैसे काढायचे नाहीत, पावती नसेल तर खर्च मान्य नाही, दर महिन्याला हिशेब बोर्डावर. यात एकदाही सवलत देऊ नकोस, मित्राला तर नाहीच.

तुझ्या सीनियरचं म्हणणंही मी उडवून लावत नाही. पुष्कळ कंपन्या मुलाखतीला बोलवण्याआधी सीजीपीए बघतात, आणि कमिटीत रमलेली मुलं तिसऱ्या सत्रात घसरताना मी दरवर्षी बघते. म्हणून पहिल्या सत्रात उभी राहू नकोस. माणसं ओळख, विषय पकडात येऊ देत. त्यानंतर एकच कमिटी. तीन-तीन ठिकाणी नाव लावणाऱ्यांकडून कुठलंच काम तडीस जात नाही, आणि मुलाखतीत ते दोन प्रश्नांत उघडं पडतं. मी मुलाखती घेताना पद विचारतच नाही. काय बदललं, कोणी विरोध केला, त्यांना तू काय सांगितलंस, एवढंच विचारते.

आणि एक काळजीची गोष्ट. हॉस्टेल सगळ्यांना सारखंच घडवत नाही. काहींना ते मोडतंही. कोणी तुझ्या इंग्रजीच्या उच्चारावरून हसेल, कोणी पर्सेंटाइल विचारता विचारता प्रवेश कोणत्या प्रवर्गातून झाला ते विचारेल. सांगायला तू बांधील नाहीस. "तुला हे कशाला हवंय?" एवढं शांतपणे विचारलं तरी पुरतं. ओळख करून घेण्याच्या नावाखाली जे काही चालेल त्यात तुझी इच्छा नसताना काही करायला लावलं, तर ते रॅगिंगच आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्रात 1999पासून कायदा आहे आणि देशभरासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009चे नियम. 1800-180-5522 हा हेल्पलाइनचा क्रमांक फोनमध्ये आजच ठेव. आणि तुझ्या मजल्यावर कोणी जेवायला येईनासं झालं, दार बंद करून बसू लागलं, तर दुसरं कोणी बघेल म्हणून थांबू नकोस. डबा घेऊन जा आणि दार वाजव. रेक्टर म्हणून मला आजवर ज्या मुलींच्या अडचणी वेळेत कळल्या, त्यांतल्या बहुतेक अशाच शेजारच्या खोलीतल्या मुलींमुळे कळल्या.

जाताना एक्स्टेन्शन बोर्ड, चांगलं कुलूप आणि भरपूर शेंगाचटणी घेऊन जा. चटणी खोलीत लपवून ठेवू नकोस, मेसच्या टेबलावर ठेव. जुलैत मेसची पहिली सभा होईल, कंटाळवाणी असेल, फार कोणी येणार नाही. तू जा. काही बोलू नकोस, मागच्या बाकावर बसून ऐक. सभा संपली की आचाऱ्यांकडे जा आणि तांदूळ काय भावाने येतो ते विचार.